पानाचा कोपरा

पोपटमामा जासईच्या कंटेनर यार्डात कारकुनी करत आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहीत. आपल्या भाचीला, मैत्रीला, तिचे वडील गेल्यावर त्यांनीच वाढवलं. तिचा मामांवर फार जीव होता. फक्त त्यांची एक सवय तिला सहन व्हायची नाही. तंबाखूने भरलेल्या तोंडात बोट घालून, ते थुंकीने ओलं करून ते पुस्तकाचं पान उलटायचे.

मामा गेल्यावर करंजाडेला सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं पुण्यानुमोदन होतं. त्यांची शेवटची कादंबरी त्याच सकाळी छापखान्यातून आली होती. मैत्रीने सगळ्यांसमोर एका प्रतीवरचं प्लॅस्टिक फाडलं आणि ती वाचायला उभी राहिली.

पहिल्याच पानाचा कोपरा ओला होता. ती पान उलटायला गेली, तर बोटाला चिकट लाळेची तार आली. तंबाखूचा भपकारा आला. तिने बोट ओढणीला पुसलं.

"मामी, दुसरी प्रत दे ना," ती हळूच म्हणाली.

मामीने दुसरं प्लॅस्टिक फाडून दिलं. त्याही पानाचा कोपरा ओला होता, आणि कोमट होता.

"काय झालं गं? वाच ना," मामी डोळे पुसत म्हणाली. "त्यांना तुझं वाचणं आवडायचं."

मैत्रीने श्वास रोखून पान वाचलं. समोर माणसं रडत होती. पान संपलं, पण त्या कोपऱ्याला पुन्हा हात लावणं तिला जमेना. ती ओठ घट्ट मिटून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात एक बोट तिचे ओठ सारून आत शिरलं आणि तिच्या जिभेवर सावकाश फिरू लागलं.