सत्तरच्या पुढे

"एकाहत्तर टक्के?" इंग्लंडहून लेकीने पदवीचा निकाल कळवला, तसा आंबेकर सरांनी डोक्याला हात लावला. "असू दे, पोरी. रिपीट करता येतं का बघ." तिने फोन ठेवला.

तीस वर्षं दहावीचे पेपर तपासलेल्या सरांनी पेढ्यांची ऑर्डर रद्द केली. मेव्हणे तर पांढरा सदरा घालूनच सांत्वनाला आले.

महिन्याने शेजारच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "अहो सर, तिथे सत्तरच्या पुढे म्हणजे पहिला वर्ग! त्याच्या वर काही नसतंच."

सरांनी तिथूनच फोन लावला. "चुकलो गं बाळा. पदवीदानाला येतो मी."

"काल झालं, बाबा. तुम्हाला लाज वाटेल म्हणून कळवलं नाही."