नोझलवरची बोटं

हायड्रोजनवर चालणारा ट्रक भरून झाला की पंपाचं नोझल बर्फासारखं गार पडे आणि त्यावर पांढरं दव साचे. पंपावर काम करणाऱ्या ताईला त्याची सवय होती. पण हल्ली त्या दवावर कुणीतरी मूठ आवळल्यासारखी चार बोटं उमटत. तिच्या बोटांहून जाड.

“अहो ताई, काहीही काय डोक्यात घेता!” तिनं सांगितल्यावर पंपावरचा जोडीदार हसला.

आता जागोजागी पंप झाले होते, म्हणून तिच्या धाकट्या भावाला या लांबच्या रस्त्यावर नवा ट्रक मिळाला होता. आज दुपारी तो पहिल्यांदाच आला. केबिनमधूनच हात हलवून हसला, तेव्हा तिला बरं वाटलं.

टाकी भरली. ना आवाज, ना धूर. ट्रकखाली नुसतं पाणी ठिबकत होतं. नोझलवर बोटं उमटली.

“पुसूनच टाकते एकदाची,” म्हणत तिनं हातमोजा काढला आणि नोझल मुठीत धरलं. ते कोमट लागलं.

“ताई, हात सोड ना,” वरून भाऊ कळवळला. “दुखतंय गं!”

तिनं वर पाहिलं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. उजव्या हाताची बोटं पांढरीफटक पडत चालली होती.

ताईनं मूठ सोडायला पाहिलं. ती सुटेना.