इश्तरचं पाऊल

बुसासाचं पाऊल पडलं ते नेमकं राजाच्या नावावर. एका विटेवर नाही, ओळीने अकरा विटांवर. बाराव्या विटेपाशी तिला मुंगळा दिसला, म्हणून ती खाली बसली.

विटा ओल्या होत्या. इश्तरदेवीच्या नव्या मंदिराच्या होत्या. आणि प्रत्येकीवर राजाच्या नावाचा शिक्का नुकताच उमटवलेला होता. नुप्ताने हातातला साचा टाकला आणि ती पोट सावरत धावली. तिला पाचवा महिना चालू होता. नवरा दूर कालव्याच्या बिगारीवर, म्हणून दीड वर्षाची ही लेक कामावर आणावी लागत होती.

"पुसून टाकते, मालक. ओल्या अंगठ्याने. कळणारसुद्धा नाही."

"पुसतेस?" मुकादम लबाशीच्या तोंडचं पाणी पळालं. "जो हे नाव पुसेल त्याचा निर्वंश होवो, असं त्याच विटेवर लिहिलंय, बये!"

"मग मोडून टाकू."

"मोडणाऱ्याचा त्याच्याही आधी होतो."

म्हणजे वीट पुसता येईना, मोडता येईना आणि तशी ठेवताही येईना. राजाच्या नावाला हात लावला की बाबिलोनमध्ये हात तोडत. पायाचं काय करतात, हे लबाशीने सांगितलं नाही. तो नुसता बुसासाच्या इवल्या, चिखलाने भरलेल्या पायाकडे बघत राहिला. नुप्ताने तो पाय शालीखाली ओढून घेतला.

शेवटी शकुन सांगणाऱ्या रिमूतला बोलावणं गेलं. तो मातीच्या पाट्यांची टोपली घेऊन आला. विटेवरून कुत्रा गेला तर काय, मेंढी गेली तर काय, पाल पडली तर काय, सगळं पाट्यांवर लिहिलेलं होतं. पोर चाललं तर काय, ते कुठेच नव्हतं. रिमूतला घाम फुटला. 'मला माहीत नाही' असं चाळीस वर्षांत तो कधी म्हणाला नव्हता. आता जीभ वळेना.

"गुरुजी," नुप्ता म्हणाली, "घर बांधायला काढलं की घरची बाई एकदा येऊन बघून जातेच ना? हे घर जिचं, ती नाही का येणार?"

रिमूतने तिच्याकडे बघितलं. मग विटांकडे. मग दोन्ही हात आभाळाकडे उचलले.

"इश्तर येऊन गेली!"

लबाशी होता तिथेच चिखलात आडवा झाला. रिमूतने पावलाच्या मापाची दोरी घेतली, दोन गाठी मारल्या, गाठींवर माती थापून आपली मोहोर उठवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण दुसऱ्याच दिवशी राजवाड्यातून विचारणा आली. अकरा विटांवर देवीचं पाऊल, मग बाकीच्या चाळीस हजारांवर देवी रुसली की काय? हुकूम सुटला, पाऊल प्रत्येक विटेवर हवं. देवी रोज कुठून येणार? म्हणून ती बुसासाच्या अंगात येते असं ठरलं.

काल जो पाय तुटायचा होता, त्याला लबाशी आज तिळाचं तेल चोळू लागला. देवीला खजूर लागत. देवीला मुंगळे लागत. देवीने भोकाड पसरलं की रिमूत त्याचा अर्थ सांगे. देवीला डुलकी लागली की दोनशे माणसं काम टाकून, श्वास रोखून उभी राहत. बिगाऱ्यांना इतकी विश्रांती आजवर कुठल्याच देवाने दिली नव्हती. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नुप्ता बाळंत झाली, तिकडे तर कुणाचं लक्षच गेलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात मंदिराचा मोठा पुजारी तणतणत आला.

"दोन वर्षं झाली. पोरांचे पाय वाढतात, देवीचे वाढत नाहीत. मोजा! वाढला असेल, तर राजाच्या नावावर इतके दिवस कोण नाचतंय ते कळेल."

रिमूतचा चेहरा उतरला. त्या दोरीत आता एका पायाबरोबर त्याची मानही अडकलेली होती.

नुप्ता आली. लाल शालीत गुंडाळलेली देवी तिच्या कडेवर होती. "मोजा की," ती म्हणाली.

रिमूतने मोहोर फोडली. दोरी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली. बरोब्बर! जवाएवढाही फरक नाही.

मोठ्या पुजाऱ्याने कपाळ जमिनीला टेकवलं. लबाशीने चिखलात तोंड खुपसून हुंदके दिले. रिमूतने आनंदाच्या भरात देवीला दोन्ही हातांनी उंच धरलं. शाल सुटली आणि देवीने धार सोडली. धार झकास कमान करून वर गेली आणि रिमूतच्या दाढीत उतरली.

अशी कमान मुलींना साधत नाही. चार लेकांच्या बापाला ते डोळे मिटूनही कळलं असतं. बाकीच्यांची तोंडं अजून जमिनीकडेच होती. रिमूतने झटकन शाल गुंडाळली.

"लिहून घ्या!" तो दाढी पुसत ओरडला. "यंदा नदीला पाणी भरपूर!"

मग नुप्ताजवळ सरकून दबक्या आवाजात म्हणाला, "आणि थोरली?"

"घरी, गावाहून आलेल्या सासूबाईंपाशी. देवपण सुटल्यापासून नीट जेवते."

"अगं पण बाई, या पोराचाही पाय वाढणारच की!"

नुप्ताने लेकाला कडेवर घेतलं, त्याचं नाक पुसलं. "विटा किती उरल्यात?"

"सोळा हजार."

"मग माझ्या नवऱ्याला कालव्यावरून सोडवून आणा, गुरुजी. देवी काही विटेसारखी साच्यातून निघत नाही."