थोडंसं अडलं तर

धाड! धाड! तिसऱ्या तडाख्याला कॉम्प्युटरचा डबा मागं सरकून भिंतीवर आदळला, आतला पंखा घरघरला आणि पडदा उजळला. वामनराव खुर्चीत बसले. तळहात लाल झाला होता, छाती भात्यासारखी हलत होती. पण पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडला तसा चेहरा निवत गेला.

"पाह्यलं शाल्मे? सरकारी माणूस आन मशीन, हाणल्याबिगर हालत नाही," ते हसून म्हणाले. त्यांच्या बायकोनं, शीलाताईंनी, चहाचा कप शेजारी ठेवला.

त्यांची मुलगी शाल्मली बॅग घेऊन दारातच उभी होती. नागपूरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये ती शिकवायची. सुट्टी काढून पांढरकवड्याला आली होती. लहानपणी हाच हात तिनं आईच्या पाठीवर पडताना पाहिला होता. कधी पट्टा, कधी उलथनं, एकदा तर पेटतं लाकूड. मग घरात हा कॉम्प्युटर आला आणि तेव्हापासून आईच्या अंगावर वळ दिसला नाही. वडील कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर. भाव कोसळले तसे दिवसभर लोकांच्या शिव्या खायचे आणि घरी येऊन तो राग मशीनवर उतरवायचे. या निर्जीव डब्यानं आपल्या बापाला माणसात आणलं, असं शाल्मलीला मनापासून वाटे. त्याचे उपकार फेडावे तशी ती नवी विंडोज घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी वामनराव केंद्रावर गेले आणि ती कामाला बसली. अठ्ठ्याण्णवची विंडोज आता पाऊलभर चालली तरी धापा टाकायची. शाल्मलीनं डबा उघडला, आतला धुळीचा नि कापसाच्या तंतूंचा गोळा ओढून काढला, जादा मेमरी बसवली, सीडी घातली. निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली.

शुक्रवार होता, केळापूरच्या जगदंबेचा उपास. शीलाताई फुलवाती वळत पाहत होत्या.

"जुनं सारं पुसून जाते काय वं?"

"सारं. आता बटण दाबलं का सुरू."

"पहिल्यासारखं अडत नाही?"

"अजिबात नाही."

"थोडंसं अडलं तर काय होते," शीलाताई वातीकडं बघत म्हणाल्या. शाल्मली खळखळून हसली. आई म्हणजे आई!

खरा रोग मागच्या बाजूला सापडला. विजेच्या वायरचं तोंड खाचेत जेमतेम टेकलेलं होतं, जरा मागं सरलं की मशीन बंद. डबा भिंतीवर आदळला की ते आत जाई, म्हणून मशीन सुरू होई. एवढ्याशा गोष्टीसाठी बाबा इतकी वर्षं हात दुखवून घेत होते! तिनं चौकातून नवी वायर आणली, दाबून बसवली, वरून चिकटपट्टीचे वेढे दिले. जुनी कचऱ्यात टाकली.

तिन्हीसांजेला शीलाताईंनी देवापुढं दिवा लावला, स्तोत्र म्हटलं आणि नेहमीसारखं फडकं घेऊन कॉम्प्युटर पुसायला आल्या. हे काम त्या कुणाला करू देत नसत. दसऱ्याचं कुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं. त्यांचा हात डब्याच्या मागं गेला आणि तिथंच राहिला.

"आई, मी पुसलं ना सारं. नको लावू हात."

"मागं धूळ असते वं." बोटं चिकटपट्टीवर चाचपत होती. नख लावून पाहत होती.

फाटकात स्कूटर वाजली.

वामनराव आत आले ते चपला घालूनच. कॉलर फाटली होती. ओठ सुजला होता आणि मिशीला कापूस चिकटला होता. ओला माल परत केला म्हणून लोकांनी त्यांना खाली पाडून त्यांच्याच तोंडात तो कोंबला होता. सरळ टेबलाशी गेले, डाव्या हातानं बटण दाबलं, उजवा उगारला.

मशीन लगेच सुरू झालं. गोड सूर वाजला, पडद्यावर हिरवीगार टेकडी आली. उगारलेला हात वरच राहिला.

"पाहा बाबा, आता हात नाही लावा लागत!" शाल्मली टाळी वाजवत म्हणाली.

हात वळला. फडकं घेऊन शीलाताई तिथंच उभ्या होत्या. पहिल्या थपडेला त्या टेबलाच्या कोपऱ्यावर गेल्या. वामनरावांनी अंबाडा धरून त्यांना उभं केलं आणि कपाळ भिंतीवर आपटलं. बांगड्यांच्या काचा फुटून फरशीवर उडाल्या. "ओला कापूस! ओला कापूस!" प्रत्येक तडाख्याला ते ओरडत होते. शाल्मली मधे पडली, तिच्या छातीत कोपर बसलं, ती खुर्चीसकट उलथी झाली. उठली तोवर त्यांची लाथ आईच्या पोटात बसली होती.

दमले तेव्हा वामनरावांनी खुर्ची सरळ करून घेतली आणि पत्ते मांडले. डाव सरसर चालला.

स्वयंपाकघरात शाल्मली आईच्या फाटलेल्या भुवईत हळद दाबत होती.

"शुक्रवारच्याच बांगड्या वाढल्या," शीलाताई पुटपुटल्या.

"बांगड्यांचं काय घेऊन बसली! इतक्या वर्षांनी आजच काहून वं आई? सारं तर सुधरलं होतं ना?"

शीलाताईंची एकच पापणी उघडत होती. त्या डोळ्यानं त्या दारामागच्या कचऱ्याच्या टोपलीकडं पाहत राहिल्या.

"जुनी वायर फेकली काय तू?"

"हो. ढिली झालती ते."

"ढिली नव्हती झाली, बाई." त्यांनी लेकीच्या छातीवरून हात फिरवला, कोपर लागलं होतं तिथं. "रोज दिवा लावला का मीच ढिली करत होती."