शुभमंगलचे दोन पत्ते

हळदीचा वास. वाटून झालेल्या चारशे पत्रिका. गावरान कोंबड्या, घरपोच.

"जावईबापू, पत्रिकेवर हॉलचा पत्ता नाही, नुसती वेबसाइट. ती उघडली तर कोंबड्या! उद्या वऱ्हाड पोल्ट्रीत उतरायचं," सासरे फोनवर ओरडले.

नवरदेव निनादने 'शुभमंगल' हे वेबसाइटचं नाव हौसेने नेहमीच्या इंटरनेटबाहेरच्या एका स्वतंत्र नावप्रणालीत नोंदवलं होतं. ती वापरायची सेटिंग फक्त त्याच्याच घरच्या इंटरनेटला होती. बाकी जगात ते नाव एका पोल्ट्रीचं होतं.

"पाहुण्यांनी सेटिंग बदलायची. सोपंय," निनाद म्हणाला.

"माझ्या आत्याला तू शिकव," नवरी शर्वरी म्हणाली. "अरे, पत्ता म्हणजे सगळे एकाच दारात पोचले पाहिजेत."

निनादने पोल्ट्रीला फोन लावला. मालकाने हसत आपल्या वेबसाइटवर कोंबड्यांच्या वर हॉलचा नकाशा टाकला.

कॉलेजात नेटवर्किंगच्या पेपरात शर्वरीला निनादपेक्षा एकतीस गुण जास्त होते.