हरायला सोपा खेळ

"बुद्धिबळ नको," विश्वासरावांनी निकाल दिला. "बुद्धिबळात ही हरत नाही."

ही म्हणजे प्रतिमा, त्यांची भाची. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणजे घराला आधीच एक घोर. राजाजीनगरातल्या त्या घरात सकाळपासून एकच प्रश्न पेटला होता. संध्याकाळी मुलगा बघायला येणार, तर दोघांपुढे खेळ कोणता मांडायचा? ही कल्पनाही मामांचीच. एकोणीसशे एकसष्ट साल लागलं, आता का मुलीला नुसतं पाटावर बसवून नाव विचारायचं? जरा खेळू द्यावं, मोकळं होऊ द्यावं. कोणत्या बैठकीला कोणता खेळ, यात मामांचा शब्द शेवटचा. दोघांना अमुक, चौघांना तमुक, बारशाच्या गर्दीला हाऊझी. मामा स्वतः ब्रह्मचारी होते, त्यामुळे जोडप्यांच्या करमणुकीचा अभ्यास त्यांना अगदी निवांत करता आला होता.

"मग कॅरम?" मुलीचे वडील मल्हारराव चाचरत म्हणाले. विमानाच्या कारखान्यात माणसं त्यांना टरकून असत, पण घरात मेव्हण्यापुढे त्यांचा आवाज फुटत नसे.

"आणि मागच्यासारखी शोभा करून घ्यायची?"

मागच्या खेपेला कॅरमच मांडला होता. प्रतिमानं राणी घेतली, वर कव्हरही घेतलं, आणि खदखदून हसली. हसली तिथंच फसली. तिचा वरचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला. दातावर दात म्हणजे भाग्याचं लक्षण म्हणतात. मुलाकडच्यांना दात तेवढा दिसला, भाग्य काही दिसलं नाही. आठवड्यात नकार आला. नकाराचं प्रतिमाला काही वाटलं नाही. पण त्या दिवसापासून घरात जो तो "तोंड मीट" म्हणू लागला, ते तिला फार लागलं. जन्मभर तोंड मिटून कुणाच्या तरी घरात राहायचं, या विचारानंच तिचा जीव गुदमरत होता.

मामांचं गणित मात्र पक्कं होतं. जिंकली की ही हसते, हसली की दात दिसतो. सबब जिंकायचं नाही. सारीपाट जुनाट दिसतो. लुडोला चौघं असली तरच मजा. शेवटी चिकपेठेतून सापशिडी आली.

"यात डोकं लागत नाही," मामा म्हणाले. "आणि फाशानं दगा दिलाच, तर एखादं घर जास्त मोज. साप कुठे ना कुठे असतोच."

"लग्नातसुद्धा?" प्रतिमानं विचारलं. तिच्या आईनं, कृष्णाबाईंनी, नुसते डोळे वटारले.

संध्याकाळी उपेंद्र आला. बरोबर त्याची आई सकवारबाई. मंडळी मूळ बेळगावाकडची, आता इथलीच झालेली. मुलगा टेलिफोनच्या कारखान्यात, हिशेबखात्यात. उप्पीट झालं, कॉफी झाली. मग मामांनी मोठ्या आधुनिकपणे सतरंजीवर पट उलगडला.

"खेळू देत की पोरं स्वल्प," सकवारबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला. खेळाची एवढी आवड पाहून मामा धन्य झाले.

प्रतिमाला चार पडले. पाचव्या घरात साप होता. ती पाच मोजून सरळ त्याच्या तोंडात गेली. मामांनी मान डोलावली. उपेंद्रला तीन पडले. तिसऱ्या घरात शिडी होती. तो चार मोजून शिडीच्या पलीकडे जाऊन बसला. मग तिनं आणखी एक साप शोधला. मग त्यानंही शोधला. लोक साप बघून पळतात, ही दोघं सापांच्या पाठी लागली होती. कॉफीचा दुसरा फेरा झाला तरी दोन्ही सोंगट्या खालच्याच ओळीत. मल्हाररावांना जांभई आली. सकवारबाईंची मात्र पापणी लवत नव्हती.

"तुम्ही आत्ता दोनाचे तीन मोजलेत," उपेंद्र हळूच म्हणाला.

"आणि तुम्ही मघापासून शिड्या चुकवताय," प्रतिमा ओठ न उघडताच पुटपुटली. "म्हणे हिशेबखात्यात!"

उपेंद्रनं चोरून आईकडे पाहिलं. "आईची आज्ञा आहे, हरायचं. मुलगी जिंकली की हसते. हसली की दात बघता येतात."

प्रतिमाच्या हातातला फासा हातातच राहिला. तिनं समोरचा तो चष्मा पाहिला. मग मामांकडे पाहिलं. मामा तिला डोळ्यांनीच खुणावत होते, हर, हर.

"मला मामांनी हरायला सांगितलंय," ती म्हणाली. "हरले की मी हसत नाही. हसले नाही की दात दिसत नाहीत."

दोघांनी एकदम पटाकडे पाहिलं. आणि मग तिला आवरेना. ती हसली, मागच्या खेपेपेक्षाही मोठ्यानं, तोंडावर हातसुद्धा न धरता. किती दिवसांनी हसत होती! उपेंद्रही हसला. त्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती. ती बघायला मात्र कुणी चष्मा आणला नव्हता.

कृष्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. मामांची कॉफी बशीत सांडली.

"दातावर दात हाय की ओ," सकवारबाई चष्मा काढत म्हणाल्या. त्यांचं काम झालं होतं. "सरी, बरं हाय. घरी जाऊन कळवतो आम्ही."

हे वाक्य त्या घराला पाठ होतं. मल्हाररावांनी सवयीनं हात जोडले. तेवढ्यात प्रतिमा सतरंजीवरून उठली.

"तुम्ही सावकाश कळवा," ती सकवारबाईंना म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "अण्णा, दातात फट आहे, पण चालेल. मला मुलगा पसंत आहे. बुद्धिबळ येतं का, तेवढं विचारून घ्या."