दोन पाकळ्या

लस टोचताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “हिच्या छातीत वेगळा आवाज येतोय, एकदा तपासून घ्या.” लहान मुलांना असतो असा आवाज, असं केतकीने नेटवर वाचलं आणि विषय सोडून दिला. पुढे शाळेच्या तपासणीतही तोच आवाज आला, आणि आज तिच्या मुलीचा, चार वर्षांच्या रेणूचा रिपोर्ट तिच्या हातात होता: हृदयाच्या एका झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या.

“पाकळ्या? फूल आहे का ते?” सासूबाई कडाडल्या. “आमच्याकडे असलं काही नाही. तुझ्या माहेरचं असणार.”

हा दोष रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून डॉक्टरांनी आईबापांनाही तपासलं. केतकी ठणठणीत निघाली. नवऱ्याच्या झडपेलाही दोनच पाकळ्या होत्या.

“सहा वर्षं तुझ्या हातचं खातोय ना, दुसरं काय होणार!”

“जन्मापासूनचं आहे ते, आई. तेव्हा मी नव्हते.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या पुटपुटल्या, “माझा भाऊ नंदू आंघोळीला गेला, तो तिथेच कोसळला. पस्तिशीचाही नव्हता.”

“त्यांना मुलं?”

“एक मुलगा. वहिनीशी मानपानावरून बिनसलं, वीस वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाही. या घरात त्यांचं नाव काढायचं नाही.”

केतकीने मोबाइल उचलला.

“खबरदार!” सासूबाई ओरडल्या.

तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज गेला होता: “नंदूमामांच्या मुलाशी ज्यांचं अजून बोलणं आहे, त्यांनी आजच त्याच्याकडे जावं आणि त्याला हृदय तपासून घ्यायला लावावं. आमचं नाव ऐकून त्याने दार लावून घेतलं, तरी उभं राहावं.”